आज होड्या बंद

नदीकाठच्या माणसाला होडीचे नवल वाटत नाही. शहरातल्या माणसाला बस, तशी त्याला होडी. पलीकडच्या गावी बाजार असो, लग्न असो, की आजारी नातेवाइकाला भेटायचे असो, तो घाटावर येतो, नावाड्याला हाक मारतो आणि होडीत बसतो. पण रस्ता आणि नदी यांत एक मोठा फरक आहे. रस्ता काल जसा होता तसाच आज असतो. नदी मात्र काल होती तशी आज नसते. तिची रुंदी बदलते, खोली बदलते, वेग बदलतो. म्हणून रोज सुखरूप पलीकडे नेणारी होडी एखाद्या दिवशी मुद्दाम बांधून ठेवावी लागते. नेमका तो दिवस जत्रेचा किंवा उरसाचा असला, म्हणजे सर्वांनाच वाईट वाटते. लोक लांबून आलेले असतात. नावाड्यांचा तो कमाईचा दिवस असतो. अशा वेळी ‘आज होड्या बंद’ ही पाटी कोणालाच आवडत नाही. ही पाटी का लावावी लागते, ती लावताना कोणाचे काय जाते आणि ती कशी लावली म्हणजे लोक ती मानतात, याविषयी मला थोडे सांगायचे आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीच्या काठी आहे. नदीच्या पलीकडच्या तीरावर एका बुजुर्गांचा दर्गा आहे. दरवर्षी सफर महिन्यात तेथे दोन दिवस उरूस भरतो. मुसलमान जातात, तसे हिंदूही जातात. कोणी चादर चढवतो, कोणी नारळ ठेवतो, बायका बांगड्या भरतात, मुले पाळण्यात बसतात. आमच्या बाजूने जायला होडी हाच जवळचा मार्ग. पूल आहे, पण तो दूर आहे. पुलावरून वळसा घालून जायचे तर तास-दीड तास सहज मोडतो.

आता एक गंमत पाहा. आपले हिजरी वर्ष चंद्राच्या गतीवर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणून आमचा उरूस दरवर्षी ११ दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २००१ साली तो उन्हाळ्यात आला होता. मी तेव्हा शाळेत जाणारी लहान मुलगी होते. भीमेच्या पात्रात वाळूच वाळू होती. मधल्या धारेत गुडघाभर पाणी. नानीचा हात धरून मी चपला हातात घेऊन चालत पलीकडे गेले होते. होड्या काठावर पालथ्या पडल्या होत्या आणि नावाडी त्यांना डांबर लावत बसले होते. पुढे तोच उरूस हिवाळ्यात आला, मग दिवाळीच्या आसपास आला आणि २०२४ साली तो ऐन ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात आला.

याच भीमेच्या काठी पंढरपूर आहे. तेथे आषाढी एकादशीला लाखो वारकरी जमतात. पण मराठी पंचांगात अधिक महिना धरतात, त्यामुळे आषाढी नेहमी पावसाळ्यातच येते. तेथल्या लोकांना त्या दिवसांतली नदी ओळखीची असते. आमच्या उरसाचे तसे नाही. एका पिढीने उरसात वाळू पाहिलेली असते, तर दुसऱ्या पिढीने पूर पाहिलेला असतो. मे महिन्यात ज्या होडीला तरंगायला पाणी मिळत नाही, तिलाच ऑगस्टमध्ये पाणी आवरत नाही. म्हणून ‘मागच्या वेळी तर काही झाले नव्हते’ हे बोलणे नदीच्या बाबतीत उपयोगाचे नाही.

भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. वाटेत सोलापूर जिल्ह्यात तिच्यावर उजनीचे मोठे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. धरणाच्या खाली, नीरा नरसिंहपूरला, नीरा नदी भीमेला येऊन मिळते आणि वीर धरणातून सोडलेले पाणीही घेऊन येते. पाऊस पुणे जिल्ह्याच्या डोंगरात पडतो, धरणे भरतात, दरवाजे उघडतात आणि ते पाणी काही काळाने आमच्या घाटावर पोहोचते. आमच्या डोक्यावर मात्र तेव्हा लख्ख ऊन असते. धरणाचे पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेक पाणी सोडले, म्हणजे दहा हजार लिटरचे २८० टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे केल्यासारखे होते.

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये उजनीतून भीमेत पाणी सोडण्यात आले. उरूस तोंडावर आला होता. गावात ग्रामपंचायतीच्या कचेरीत बैठक बसली. तहसीलदारसाहेब, तलाठी, सरपंच, उरूस कमिटीची मंडळी, नावाडी आणि आम्ही काही शिक्षक हजर होतो. उरसाचे दोन्ही दिवस होड्या बंद ठेवायच्या, असे तहसीलदारसाहेबांनी सांगितले. बोलणे संपताच सगळ्यांच्या नजरा तात्यांकडे वळल्या.

तात्या आमच्या घाटावरचे सर्वांत जुने नावाडी. जातीने कोळी. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनीही उरसाच्या लोकांना पलीकडे नेलेले. तात्या उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, उरसाच्या दोन दिवसांत माझ्या होडीचं वर्षाचं डांबर निघतं, फळ्या निघतात, पोरांचे कपडे निघतात. तुम्ही एका शब्दात बंद म्हणालात. आम्ही घरी जाऊन काय सांगायचं?”

कचेरीत कोणी बोलेना. तात्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याचे काही जात नाही त्याला ‘बंद’ म्हणणे सोपे असते. ज्याचे जाते त्याला हिशेब करावा लागतो. तहसीलदारसाहेबांनीही आवाज चढवला नाही. त्यांनी धरणातून किती पाणी सुटले आहे, ते कधी पोहोचेल, नदी किती वाढेल, हे कागद पुढे ठेवून सांगितले. मग ते म्हणाले, “तात्या, तुम्ही नदी आमच्यापेक्षा जास्त ओळखता. तुम्हीच सांगा, एवढ्या पाण्यात तुम्ही स्वतःच्या नातवाला पलीकडे न्याल का?”

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. १९९१ सालीही उरूस असाच पावसाळ्यात आला होता. तात्या तेव्हा तरुण होते. लोक ऐकत नव्हते. एका होडीत नको तितकी माणसे चढली. काठ दिसत असतानाच होडीत पाणी शिरले. पोहणाऱ्यांनी उड्या मारून माणसे बाहेर काढली. एक बाई मात्र सापडली नाही. “तिच्या हातात हिरवी चादर होती,” तात्या म्हणाले, “चादर सापडली.” एवढे बोलून ते खाली बसले.

त्यानंतर बैठक वाद घालण्यासाठी उरली नाही, कामाची वाटणी करण्यासाठी उरली. पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या जादा गाड्या मागायच्या ठरले. बंदीची दवंडी आदल्या दिवशीच आसपासच्या गावांत द्यायची, म्हणजे लोक घाटावर येऊन अडकणार नाहीत. नावाड्यांना घाटावर दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब घेऊन राखणदार म्हणून बसवायचे आणि उरूस कमिटीच्या पेटीतून त्यांना दिवसाची मजुरी द्यायची. ती मजुरी उरसाच्या कमाईएवढी नव्हती. हे सर्वांना माहीत होते आणि कमिटीच्या अध्यक्षांनी ते स्पष्ट बोलूनही दाखवले. पण नावाडी रिकाम्या हाताने परत गेले नाहीत.

माझ्याकडे घाटावरच्या ध्वनिक्षेपकाचे काम आले. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत सूचना द्यायच्या होत्या. कन्नड बोलणारे लोकही येतात, त्यांच्यासाठी एक दुकानदार मदतीला आला. वर्गात मुले मला विचारतात, “टीचर, मराठी कशाला शिकायची?” त्या दिवशी घाटावर कोणी हा प्रश्न विचारला नसता. धोक्याची सूचना माणसाला त्याच्या भाषेत मिळाली, तरच ती त्याच्यापर्यंत पोहोचते.

उरसाच्या सकाळी ऊन पडले होते. घाटाच्या सात पायऱ्या मोकळ्या होत्या. दुपारपर्यंत चारच उरल्या. पाणी गढूळ झाले होते आणि त्यातून झाडांच्या फांद्या वाहत होत्या. तरी लोक विचारत होते, “पाऊस नाही, वारा नाही, मग बंदी कशाला?” मी त्यांना पायऱ्या मोजायला सांगत होते. तोंडाने सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा बुडालेल्या तीन पायऱ्यांनी जास्त लोकांना समजावले. लांबून आलेल्या एका म्हाताऱ्या आजी मात्र काठावर बसून रडू लागल्या. नातवाच्या आजारपणात त्यांनी नवस केला होता. तात्यांनी त्यांना हात धरून एसटीपर्यंत पोहोचवले आणि कंडक्टरला बजावून सांगितले, “माझ्या आईला दर्ग्याच्या वळणावर उतरवा.”

खरी कसोटी संध्याकाळी लागली. मगरिबच्या सुमारास पंचवीस-तीस तरुण आले. शेवटची गाडी नुकतीच गेली होती आणि पुढच्या गाडीला वेळ होता. पलीकडे कव्वालीचे दिवे लागले होते. दिवे इतके जवळ दिसत होते, की हात लांब केला तर लागतील. “आमचे आम्ही होडी नेतो,” असे म्हणत त्यांनी एका होडीचा दोर सोडला. पोलीस दोघेच होते. मी ध्वनिक्षेपकावरून ओरडले, पण ऐकतो कोण? होडी पाण्यात ढकलल्यावर त्यांच्या लक्षात आले, की होडीत वल्हीच नाहीत. तात्यांनी घाटावरच्या सर्व होड्यांची वल्ही आणि बांबू दुपारीच काढून देवळामागच्या खोलीत कुलपात ठेवले होते. तात्या पायरीवर बसून विडी ओढत म्हणाले, “पोरांनो, किल्ली माझ्या कमरेला आहे. घ्यायची तर मला पाण्यात ढकलून घ्या.” तरुण हसले, थोडे वरमले आणि गाडीच्या थांब्याकडे गेले.

होडी बुडते कशी, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. होडी स्वतःच्या आणि आतल्या माणसांच्या वजनाएवढे पाणी बाजूला सारते आणि म्हणून तरंगते. माणसे वाढली, की होडी खाली बसते आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मग लहानशी लाटही आत शिरते. आत आलेले पाणी वजन आणखी वाढवते. माणसे उभी राहिली, तर होडीचा तोल नाजूक होतो. घाबरून सगळी एका बाजूला सरकली, तर ती कलंडते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर चौपट होतो. म्हणून संथ नदीत वीस माणसे नेणारी होडी पुरात दहा माणसांनाही सुरक्षित नसते.

पूर नसला म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. १४ जानेवारी २०१७ रोजी बिहारमध्ये पाटण्याला मकर संक्रांतीचा पतंगोत्सव होता. तो गंगेच्या पलीकडे, सबलपूर दियारा नावाच्या भागात भरला होता. दियारा म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाची जमीन. दिवसभर लोक थोडे थोडे होडीने पलीकडे गेले. संध्याकाळी मात्र सर्वांना एकदमच परतायचे होते. नको तितकी माणसे भरलेली एक होडी बुडाली आणि किमान २४ जणांचा जीव गेला. जानेवारीत गंगेला पूर नसतो. तेथे पाण्याचा दोष नव्हता, गर्दीचा आणि अपुऱ्या सोयीचा होता. मेळ्याला येणारे लोक दिवसभर पसरून येतात आणि जाताना एकाच वेळी निघतात, हे जत्रा भरवणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यायला हवे. पाटण्यात छठपूजेच्या दिवसांत खासगी होड्या नदीत उतरवू नयेत, असा आदेश अनेक वर्षी निघालेला आहे.

हे काही आपल्याच देशात घडते असे नाही. ३ जून २०१२ रोजी लंडनमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त टेम्स नदीत सुमारे एक हजार नौकांची मिरवणूक निघाली. त्या वेळी नदीची इतर वाहतूक थांबवली होती, आणि प्रवाह संथ राहावा म्हणून टेम्सवरच्या पूररोधक बांधाचे दरवाजे बंद केले होते. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचे उद्घाटन सीन नदीवर झाले. सुमारे ८५ नौकांतून खेळाडूंनी ६ किलोमीटर अंतर पार केले. त्यासाठी इतर नौकांना नदी आधीच बंद केली होती. त्याआधी जूनमध्ये होणारी एक रंगीत तालीम मात्र पुढे ढकलावी लागली, कारण सीनचा प्रवाह फार वेगवान होता. एवढा पैसा, एवढी यंत्रे, एवढे तज्ज्ञ. तरी तारीख नदीलाच विचारावी लागली. आमच्या भीमाकाठच्या लहान गावाने तिला विचारले, तर त्यात कमीपणा कसला?

आपल्या देशात २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. धोक्याच्या जागी लोकांची ये-जा रोखण्याचा अधिकार त्यांना आहे. पण कायद्याचा कागद घाटावर चिकटवला, म्हणजे काम संपत नाही. माझ्या मते चांगल्या बंदीत तीन गोष्टी असाव्या लागतात. पहिली, ती वेळेवर जाहीर व्हावी; लोक घाटावर जमल्यावर नव्हे, घरून निघण्यापूर्वी. दुसरी, तिच्याबरोबर दुसरी वाट दाखवावी; ‘इकडून जाऊ नका’ म्हणणाऱ्याने ‘तिकडून जा’ हेही सांगावे. तिसरी, ज्याचे पोट त्या होडीवर आहे त्याचा विचार व्हावा. नावाड्याला बाजूला सारून केलेली बंदी रात्रीच्या अंधारात मोडते. नावाड्याला बरोबर घेऊन केलेली बंदी तो स्वतःच राखतो.

आणि चौथी गोष्ट सरकारच्या हातात नसते. ती होडीत बसणाऱ्याच्या हातात असते. हदीसमध्ये एका जहाजाचा दृष्टान्त आहे. काही प्रवासी वरच्या मजल्यावर असतात, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागते. आपल्या भागात एक भोक पाडले तर वरच्यांना त्रास होणार नाही, असे त्यांना वाटते. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले, तर सगळेच बुडतात. हात धरून थांबवले, तर सगळेच वाचतात. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गर्दीच्या होडीत शेवटी चढणाऱ्या माणसाचा हेतूही वाईट नसतो. “मी एकटाच तर आहे, माझ्याने काय होणार?” एवढेच तो म्हणतो. पण होडी हेतू तोलत नाही, वजन तोलते. कोण नवसाला निघाला आहे आणि कोण पाळण्याला, कोण नमाजी आहे आणि कोण वारकरी, हे तिला कळत नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेक जण नदीकाठी किंवा खाडीकाठी राहतात. काही जण सुट्टीत आजोळी जाताना होडीत बसतात. बसण्यापूर्वी होडीचा काठ पाण्यापासून किती वर आहे तो पाहा. किती माणसे बसली आहेत ती मोजा. जाकीट असेल तर लाज न बाळगता घाला. होडी चालू असताना उभे राहू नका आणि दुसऱ्यालाही बसायला सांगा. माणसे जास्त वाटली, तर पुढच्या खेपेला जा. घरातले मोठे लोक घाई करत असतील, तर अदबीने, पण स्पष्ट बोला. आणि घाटावर ‘आज होड्या बंद’ अशी पाटी दिसली, तर ती मोठ्याने वाचा. शेजारी उभ्या असलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसालाही ती ऐकू जाऊ द्या.